गायकवाडबाईंची लाल-निळी पेन्सिल

आमच्या बाहेरच्या खोलीत टेबलावर एक घड्याळ आहे. कुणी भेटायला आलं की मी ते उचलते आणि त्याच्याकडे तोंड करून ठेवते. नवख्या माणसाला वाटतं, म्हातारी सुचवते आहे की निघा आता. एक विमा एजंट तर खरोखरच उठून गेला. तो फायदा वेगळा. नातू म्हणतो, "आजीचा स्क्रू ढिला झालाय." असेलही. पण ही खोड माझी नाही, उचललेली आहे. आणि जिच्याकडून उचलली, त्या बाईंना मी पहिल्या दिवशी मनातल्या मनात दहापैकी चार गुण दिले होते.

तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं.

गिरगावच्या फणसवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत आजीचं सोवळं, वडिलांची फोर्टातली कारकुनी आणि आईचं गप्प राहणं, अशा तीन गोष्टी सुखाने नांदत होत्या. त्यात चौथं माझं समाजकार्याचं शिक्षण घुसलं. कुणी 'समाजसेवा' म्हटलं की मी दुरुस्त करायची, "सेवा नाही, कार्य. ते शास्त्र आहे." आमच्याकडे मदतीला येणाऱ्या माणसाला 'क्लायंट' म्हणायचं, हे मी घरात जाहीर केलं तेव्हा आजीने जपमाळ थांबवली.

"क्लायंट म्हणजे काय गं?"

"अशील."

"म्हणजे तू वकील झालीस?"

"नाही गं."

"मग त्या बिचाऱ्यांवर खटला कसला?"

आमच्या शास्त्रात त्या काळी दोन घराणी होती, गाण्यात असतात तशी. एक म्हणे, माणसाची अडचण समजून घ्यायची तर त्याच्या बालपणापर्यंत खणत जा, निदान करा, मग उपाय. दुसरं म्हणे, खणू नका. तुमची संस्था काय देऊ शकते आणि किती वेळात, ते सरळ सांगा. पुढे चालायची ताकद त्या माणसाच्याच इच्छेत असते. मी पहिल्या घराण्याची गंडाबंद शिष्या. घरात निदानांचा सुकाळ झाला. वडील पानात मीठ कमी पडलं की गप्प बसत, ते त्यांच्या आईशी न सुटलेलं नातं. आजीचं सोवळं म्हणजे दडपलेली भीती. हे मी तिला सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, "आधी वेणी घाल. झिंज्या सुटल्यात."

अशी मी, वेणी घालून, परळच्या एका क्षयरोग दवाखान्यात वर्षभराच्या प्रत्यक्ष कामासाठी दाखल झाले. माझ्यावर देखरेख करणार होत्या गायकवाडबाई.

ठेंगणा बांधा, कडक इस्त्रीचं सुती पातळ, पायांत पुरुषी वाटाव्यात अशा जाड चपला आणि कानामागे पेन्सिल. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. खोलीत टेबल होतं, पण ते भिंतीला लावून टाकलेलं. दोन खुर्च्या शेजारी शेजारी, जराशा तिरप्या. मी विचारलं, "आपण टेबलाच्या पलीकडे नाही बसत?" त्या म्हणाल्या, "पलीकडे बसायला मी बँकेत आहे?" टेबलावरचं घड्याळ पेशंटच्या बाजूला वळवलेलं. "पाऊण तास त्याला दिलाय ना? मग त्याचा आहे. किती उरला ते त्याला दिसू दे. आपण चोरून घड्याळ बघतो तेव्हा त्याला बरोबर कळतं." इथेच मी सहा गुण कापले. दुसऱ्या घराण्याच्या दिसतात, मनात म्हटलं.

दुसऱ्या म्हणाल तर दुसऱ्या, पहिल्या म्हणाल तर पहिल्या. त्यांच्या कपाटात दोन्हीकडची जाडजूड परदेशी पुस्तकं होती, एक्स-रेच्या जुन्या खाकी पाकिटांची कव्हरं घालून. दुपारी डबा झाला की त्या वाचत बसत. थिअरीला नाक मुरडणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. एकदा मी ऐटीत विचारलं, "बाई, तुमची थिअरी नेमकी कोणती?" त्यांनी मलाच विचारलं, "तुमच्या घरी चाळण्या किती?"

"दोन. एक पिठाची, एक रव्याची."

"रव्याच्या चाळणीत पीठ घातलंस आणि सगळं खाली गेलं, तर पिठाला बोल लावतेस?"

मी हे वहीत लिहून घेतलं. अर्थ कळला नव्हता.

आमच्या कामातली सगळ्यात छळवादी गोष्ट म्हणजे नोंद. मुलाखत झाली की पेशंट काय म्हणाला, आपण काय म्हणालो, तो कुठे थांबला, आपण कुठे चुळबुळलो, सगळं आठवून शब्दशः लिहायचं. मी दहा-दहा पानं लिहायची. बाई पेन्सिल कानामागून काढत. माझ्या वाक्यांखाली लाल रेघ, पेशंटच्या वाक्यांखाली निळी. मग कागद हात लांब करून धरत, चित्र बघावं तसा.

"आज पान फार लाल दिसतंय."

एवढंच. रागावणं नाही, व्याख्यान नाही. मी पदवीच्या परीक्षेला घाबरले नाही इतकी त्या लाल रंगाला घाबरायला लागले.

दुसरा त्यांचा दंडक असा की पेशंटला 'का' विचारायचं नाही. इंजेक्शनला का आला नाहीत, औषध का सोडलंत, नवऱ्याला का सांगितलं नाही, सगळं बंद. "का म्हटलं की माणूस उत्तर शोधत नाही, सबब शोधतो. आयुष्यभर मास्तर, मुकादम, सासू, सगळे 'का'च विचारत आलेत त्याला." मग विचारायचं काय? "काय झालं ते विचार. मग गप्प बस." हे गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. माझे यजमान हयात असते तर साक्ष दिली असती.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. परळ-लालबागच्या नाक्यानाक्यावर सभा, मोर्चे, भिंतींवर चुन्याची अक्षरं. चळवळीचा एक बिल्ला बाईंच्या खांद्यावर, पदराच्या पिनेशेजारी असे. एक गुजराती म्हातारे इंजेक्शनला येत, कापडाच्या पेढीवर नोकरीला होते. ते आत यायच्या आधी बाई बिल्ला काढून खणात ठेवत. मी तेव्हा चळवळीने पेटलेली. मी म्हटलं, "बाई, यात लपवायचं काय?"

"लपवत नाही. बिल्ला माझा आहे, तास त्यांचा आहे."

एके दिवशी ते म्हातारे बसता बसता म्हणाले, "बाई, तुमचा बिल्लो कुठे गेला? खांद्यावर भोक दिसतंय. लावा ना, मला भीती नाय वाटत." बाई पहिल्यांदाच लाजलेल्या दिसल्या. खणातून काढून त्यांनी तो लावला. त्या दिवशी म्हाताऱ्यांनी, घरी मुलगा आपलं ताट बाहेर व्हरांड्यात ठेवतो, हे पहिल्यांदा सांगितलं. मी नोंदीत लिहिलं, 'नातेसंबंध दृढ झाला.' पुढे बाईंनी बारीक अक्षरात लिहिलं, 'त्यांनी केला.'

गिरणगावातले बरेच पेशंट आत आले की "जयभीम, बाई" म्हणत. बाई "जयभीम" म्हणत. मी वहीत टिपलं, 'क्लायंटच्याच पद्धतीने अभिवादन. उत्तम तंत्र.' घरी आईने विचारलं होतं, "तुझ्या बाई कुठल्या गं?" मी सांगून टाकलं, "गायकवाड, म्हणजे बडोद्याकडच्या असतील." मला सगळं कळत होतं, हे वर सांगितलंच आहे.

दुपारी आम्ही एकत्र डबा खात असू. त्यांच्या डब्यातल्या हिरव्या मिरच्यांच्या ठेच्यावर माझा डोळा असे.

आता सोनाबाई.

डिलाईल रोडच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर राहायची. नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. वय माझ्याहून चार-पाच वर्षांनी जास्त असेल, पण छाती पोखरलेली. सोमवारी आणि गुरुवारी इंजेक्शन, शिवाय पुड्या. सॅनेटोरियमच्या खाटेसाठी तिचं नाव यादीत वर सरकत आलं होतं. नियम कडक होता. सलग तीन आठवडे इंजेक्शन चुकलं की शनिवारी यादी नव्याने लिहिताना नाव तळाला जायचं. आणि मध्येच सोडलेलं औषध पुढे त्या माणसाला लागू पडेनासं होतं, हे वेगळंच.

मी तिच्या घरी गेले ती नेहमीच्या भेटीसाठी. भांडी वेगळी ठेवतेस ना, थुंकी झाकतेस ना, वगैरे. तिने चटई अंथरली. पाच मिनिटं बाहेर जाऊन आली. मग माझ्यापुढे चहा ठेवला. मी हसून म्हटलं, "आम्हाला क्लायंटकडून काही घेता येत नाही. नियम आहे." आमच्या पुस्तकात तसं होतंच. भेटवस्तू नको, खाणंपिणं नको, अंतर राखावं. सोनाबाई कप उचलून आत घेऊन गेली.

त्यानंतर ती दवाखान्यात आली नाही. सोमवारी नाही, गुरुवारी नाही. दुसरा आठवडाही कोरडा गेला. मी नोंद लिहिली. काय लिहिलं ते आजही तोंडपाठ आहे, कारण लाजेच्या गोष्टी पाठ राहतात. 'क्लायंटचा प्रतिकार. अधिकारी व्यक्तीविषयी वैरभाव. बालपणी आईकडून उपेक्षा झाली असण्याची शक्यता.' तिच्या आईबद्दल मी तिला एक शब्द विचारला नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात, सोमवारीही ती आली नाही तेव्हा बाईंनी ती नोंद पुढे घेतली. पेन्सिल कानामागेच राहिली.

"कप कसला होता?"

"कसला म्हणजे? चहाचा."

"तू लिहिलंयस, 'निळ्या फुलांच्या कपबशीत'. घरात आणखी कपबश्या दिसल्या?"

मी आठवलं. फळीवर पितळेचे पेले. जर्मनचं एक पातेलं. "नाही."

"मग तो कुठून आला?"

मला माहीत नव्हतं. मी विचारच केला नव्हता.

"चहा नको म्हणालीस, तो नियम पुस्तकातला की घरातला?"

"पुस्तकातला," मी झटकन म्हटलं. "पान नंबरसुद्धा सांगते."

"माझ्या डब्यातला ठेचा रोज खातेस."

"तुम्ही क्लायंट नाही."

"मुद्दा बरोबर आहे." त्यांना खरंच पटल्यासारखं वाटलं. मग पत्ता सांगावा इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "सोनाबाईच्या शेजारच्या चाळीत माझी आई राहते. मी तिथेच वाढले. आम्हीही दीक्षा घेतली, सोनाबाईच्या घरच्यांबरोबरच."

आणि त्यांनी टेबलावरचं घड्याळ उचलून माझ्याकडे वळवलं. त्या खोलीत इतके महिने मी ते घड्याळ पाठमोरं पाहिलं होतं. माझ्या लक्षात आलं की आता क्लायंट मी आहे.

बडोदं डोळ्यांपुढून गेलं. वहीतलं 'उत्तम तंत्र' गेलं. शेवटी मी म्हटलं, "मी जाऊन तिची माफी मागते."

"माफीने तुझं मन हलकं होईल. तिचं काय होईल?" त्या उठल्या. "उत्तर मला देऊ नकोस. ते तुझ्यापाशी ठेव. शनिवारी यादी लिहायची आहे, तेवढं बघ."

दुसऱ्या दिवशी डबा उघडला. बाई नेहमीसारख्या पुस्तक उघडून बसल्या, माझ्याकडे पाहिलं नाही. मी ठेचा घेतला. चांगला लिंबाएवढा गोळा घेतला आणि एका घासात खाल्ला. नाकाडोळ्यांतून पाणी.

"सावकाश," पान उलटत त्या म्हणाल्या. "काही सिद्ध करायचं नाहीये."

बुधवारी मी सोनाबाईकडे गेले. ती तांदूळ निवडत होती. मी वीस मिनिटं बोलले. औषधाचं महत्त्व, खाटेची यादी, नवऱ्याची काळजी, सगळं शास्त्रशुद्ध. ती खडे वेचत राहिली. नोंद पाहून बाई म्हणाल्या, "हिचं निळं कुठंय?" खरंच नव्हतं. चार पानांत सोनाबाईच्या नावावर एक वाक्य. 'झालं का तुमचं?'

गुरुवारही गेला. शुक्रवारी हरताळ. ट्राम नाही, बस नाही, दुकानं बंद. मैत्रिणीकडे जाते म्हणून मी घरातून निघाले आणि चालत सुटले. गिरगावातून सात रस्ता, तिथून डिलाईल रोड. वाटेत फुटलेल्या काचा, घोळक्याने उभे लोक, पोलिसांची गाडी. ऊन असं की टाळू तापली. दुसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा ठरवून आणलेलं सगळं विसरले होते. सोनाबाई दारात उभी होती. मी म्हटलं, "पाणी द्या."

तिने माझ्याकडे पाहिलं.

"नळ खाली हाय," ती म्हणाली. "चौकात."

मी खाली गेले. नळावर तीन-चार बायका होत्या, त्या बाजूला सरकल्या. धार बारीक होती. ओंजळ धरून प्याले, कोपरांवरून पाणी ओघळत पातळ भिजलं. वर पाहिलं तर सोनाबाई कठड्याला टेकून बघत होती. मी परत जिने चढले आणि उंबऱ्याशी बसले. बोलायला दमच उरला नव्हता, म्हणून गप्प बसले. माझं हे गप्प बसणं कुठल्याही थिअरीत मोडत नाही.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "गावाकडं माज्या आईला असंच पानी मिळायचं. ओंजळीनं. तेबी कुनी वरनं वतलं तर." मग तिच्या ओठाचा कोपरा हलला. "तुमाला तर नळाला हात लावू दिला आमी."

ती हसली, हसता हसता खोकली. खोकला थांबल्यावर पदराने तोंड पुसून म्हणाली, "तुमीच सांगितलं व्हतं ना, माजी भांडी येगळी, कुनाला द्यायची न्हाईत. म्हनून त्यो कप शेजारच्या गोदूकडनं मागून आनला. उकळत्या पान्यातनं काडला. म्हटलं, ताईला माजा रोग लागाया नको. मंग भरल्याला तसाच मोरीत वतला, आन कप परत द्याया गेले."

"गोदू काय म्हणाली?"

"काय न्हाई. नुसती बघितली माज्याकडं."



निघताना तिने विचारलं, "उद्या हरताळ न्हाई ना? गायकवाडबाई असतील दवाखान्यात?" मी मान हलवली. त्या दिवशीही चहा झाला नाही. वाचणाऱ्यांना इथे चहा हवा असतो, मला ठाऊक आहे. मलाही हवा होता. पण तिचा चहा तिच्यापाशी होता, कधी द्यायचा ते ती ठरवणार.

शनिवारी दवाखाना उघडला तेव्हा सोनाबाई बाकावर बसलेली होती. इंजेक्शन झालं, नाव यादीत जागच्या जागी राहिलं. दोन-तीन महिन्यांनी खाट मिळाली. दीड वर्षाने ती, छातीच्या ऑपरेशनात दोन बरगड्या देऊन, घरी परतली. पुढे पुष्कळ जगली, सुनेशी कडाकडा भांडण्याइतकी. माझी शुक्रवारची नोंद दीड पानाची झाली. बाईंनी हात लांब करून कागद धरला. लाल दोनच रेघा होत्या, 'पाणी द्या' आणि 'गोदू काय म्हणाली?' या शब्दांखाली. बाकी सगळं निळं. त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तो प्रश्न मात्र तसाच राहिला. पुस्तकातला की घरातला. वर्ष संपलं, मी नोकरीला लागले, महाराष्ट्र झाला, माझं लग्न झालं. भेटीगाठी होत राहिल्या. त्यांनी तो विषय काढला नाही आणि मीही पळवाट म्हणून तो सोडून दिला.

शेवटची भेट वडाळ्याला झाली. बाई निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली होती, भाचीकडे राहत होत्या. माझेही केस पिकलेले. खिडकीशी खुर्ची, जवळ तिपाई, तिपाईवर तेच घड्याळ. खाकी कव्हरांची पुस्तकं पलंगाखाली, भाचीला धूळ झाडायचा कंटाळा म्हणून. कानामागे पेन्सिल होती. बोटभर उरलेली, पण होती. लिहायला काही नव्हतं त्यांच्याकडे. कोडी सोडवत असतील.

भाचीने चहा आणला. मी कप उचलला, एक घोट घेतला. बाई माझ्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी घड्याळ माझ्याकडे वळवलं.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "सोनाबाईचा चहा तू का घेतला नाहीस?"

उभ्या आयुष्यात मी त्यांच्या तोंडून कुणालाही 'का' विचारलेलं ऐकलं नव्हतं. त्या माझ्या वरिष्ठ म्हणून विचारत नव्हत्या. शेजारच्या चाळीत वाढलेली एक मुलगी विचारत होती.

माझ्याकडे सबबी भरपूर होत्या. पान नंबर अजून आठवत होता.

"घरातला नियम होता, बाई," मी म्हटलं. "पुस्तक मी पुढे धरलं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. पण नाही. "ठीक," त्या म्हणाल्या. "आता लिहून काढ."

"कुणासाठी?"

"लिहून काढ. आणि लाल कमी ठेव."

ते काही जमलेलं नाही, हे वरची पानं पाहून कुणीही सांगेल. मी निघाले. दाराशी चप्पल घालताना सहज मागे पाहिलं. बाई जरा पुढे वाकून, दोन्ही हातांनी, ते घड्याळ हळूहळू आपल्याकडे वळवून घेत होत्या.